शिकवणार कोण?

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला अलीकडे एका नव्या पत्राची सवय झाली आहे. वर कॉलेजचं लेटरहेड, खाली विभागप्रमुखांची सही, मधे मजकूर: अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमच्या विद्यार्थिनीस आपल्या आस्थापनेत 120 तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, ही विनंती. पत्र घेऊन आलेली मुलगी सिक्युरिटीच्या केबिनपाशी उभी असते आणि आत मालक मॅनेजरला विचारत असतो, "हिला द्यायचं काय?"

इंटर्नशिपबद्दलची ही पुस्तिका त्या मालकासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे एचआर विभाग असतो, छापील धोरण असतं, दरवर्षीची ठरलेली बॅच असते. त्यांना या पुस्तिकेची गरज नाही. वीस, चाळीस, साठ माणसं असलेला कारखाना, चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, छापखाना, प्रकाशनसंस्था, हॉटेल, पॅथॉलॉजी लॅब, शेतमाल प्रक्रिया करणारी कंपनी यांच्या दारात ही मुलं आता येऊ लागली आहेत आणि काय करायचं ते या मालकांना सांगणारं कुणी नाही.

120 हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो, कारण पुष्कळ मालकांना तो कॉलेजने आपल्या मनाने ठरवला असं वाटतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर वर्गांना आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांना नवा आराखडा लागू झाला. त्यात 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला, म्हणजे इंटर्नशिपला, चार श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाला 30 तास धरले जातात. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना कारखाना नवा नाही. वकिलीच्या विद्यार्थ्यांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे बाहेर काम करावं लागतं. सीएच्या आर्टिकलशिपबद्दल तर सांगायलाच नको. नवं आहे ते एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या मुलांचं येणं. आणि 2024-25 मध्ये पदवीच्या पहिल्या वर्गात बसलेली मुलं 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षाला पोचतात, म्हणजे पत्रांची संख्या वाढतच जाणार.

या पत्राला आज साधारण तीन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं सगळ्यांत दिलदार: "सही-शिक्का मारून देतो, यायची गरज नाही." यात कुणाचंच काही बिघडत नाही असं वाटतं. मालकाचा वेळ वाचतो, मुलीचं बसभाडं वाचतं, कॉलेजची फाइल पूर्ण होते. मुलगी मात्र एक धडा पक्का शिकून जाते, की या जगात शिक्का कामाशिवायही मिळतो. पुढे हीच मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या कुणाकडे असाच एक शिक्का घेऊन जाते आणि तिथला मालक म्हणतो, हल्लीच्या मुलांना काही येत नाही. दुसरं उत्तर म्हणजे फुकटचे हात. पंधरा दिवस पॅकिंगला लावा, बिलं कॉम्प्युटरवर चढवून घ्या, गणपतीच्या आधी ऑर्डरी वाढल्यात, बरं झालं आली. तिसरं सभ्य माणसांचं असतं: एसी खोलीत बसवून कंपनीचं माहितीपत्रक वाचायला देणं, एकदा शॉप फ्लोअरवरून फिरवून आणणं आणि "निरीक्षण करा" म्हणून सोडून देणं. मला विचाराल तर या तिन्हींत तिसरं सगळ्यांत वाईट. पॅकिंगच्या टेबलावर निदान माणसं भेटतात.

तिन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे. किती मुलं घ्यायची, कधी घ्यायची, पैसे द्यायचे की नाही, प्रमाणपत्रावर काय लिहायचं, एवढ्याची चर्चा होते. शिकवणार कोण, हे कुणी विचारत नाही. या पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण म्हणूनच त्या माणसाबद्दल आहे. ज्या कारखान्यात असा माणूस ठरलेला नाही त्याने बाकीची प्रकरणं वाचण्यात वेळ घालवू नये, असं मी पुस्तिकेच्या लेखकांना सुचवलं होतं. त्यांनी ते जरा सौम्य करून लिहिलं आहे.

जर्मनीतल्या व्यवसाय-शिक्षणाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत, ही त्यातली दिसणारी बाजू. पण तिथे कारखान्याला शिकाऊ मुलं घ्यायची असतील तर शिकवणाऱ्या माणसाची पात्रता आधी तपासतात, आणि त्यासाठी वेगळी परीक्षा असते. उत्तम टर्नर असणं आणि टर्निंग शिकवता येणं या दोन गोष्टी आहेत, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं आहे. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने 1973 पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालवलं, त्यातही कळीची गोष्ट हीच होती. विद्यार्थी उद्योगात पाठवून संस्था मोकळी झाली नाही, जबाबदार अध्यापकही बरोबर दिला. आपल्या बहुतेक कॉलेजांतला मार्गदर्शक प्राध्यापक मात्र कारखान्याचं फाटक पाहत नाही. त्याच्याकडे चाळीस-पन्नास मुलं असतात, वर परीक्षेची कामं, वर नॅक मूल्यांकनाची फाइल. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण मग कारखान्याच्या बाजूने तरी कुणी असायला हवं ना?

हिशेब करून बघू. 120 तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. सुपरवायझरने रोज एक तास दिला तर पंधरा तास झाले. सुरुवातीचे दोन दिवस जास्त लागतात, शेवटी अहवाल वाचायला लागतात, म्हणजे वीस धरा. वीस तास एका अनुभवी माणसाचे. हा इंटर्नशिपचा खरा खर्च आहे आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजलं जातं. मग होतं काय, की मालक दिलदारपणे हो म्हणतो आणि मुलगी सुपरवायझरच्या गळ्यात पडते. त्याचं शिफ्टचं टार्गेट तेवढंच असतं. रिजेक्शन वाढलं तर बोलणी त्यालाच. तो त्या मुलीला टाळतो, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याच्या जागी मीही टाळलं असतं.

तेव्हा त्या पंधरा दिवसांसाठी त्याचं टार्गेट थोडं कमी करा, किंवा त्याचं एखादं रोजचं काम दुसऱ्याकडे द्या, आणि हे त्याला तोंडाने नाही, लेखी सांगा. वर्षअखेरीच्या पगारवाढीत या कामाची नोंद व्हायला हवी. माणूस निवडताना सगळ्यांत हुशार कारागीरच घ्यावा असं नाही. ज्याचे हात फार वेगाने चालतात त्याला आपण काय करतो ते सांगता येत नाही, असा अनुभव वारंवार येतो. नव्या ऑपरेटर्सना जेवणाच्या सुट्टीत जो आपणहून काही दाखवत असतो, तो माणूस शोधा. तो प्रत्येक कारखान्यात असतो आणि बहुधा त्याचं पद लहान असतं. एचआरच्या माणसाकडे हजेरी, गेटपास आणि कागद द्यावेत. शिकवणं देऊ नये.

आणि मालकाने स्वतः? पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आणि शेवटच्या दिवशी अर्धा तास. बाकीच्या दिवसांत लुडबुड नको.

आता काम. पंधरा दिवसांत काय होण्यासारखं आहे, याबद्दल दोन टोकांच्या कल्पना आढळतात. एक, काहीच नाही. दुसरी, 'लाइव्ह प्रोजेक्ट' या नावाखाली कंपनीचं पाच वर्षांचं मार्केटिंग धोरण. खरं म्हणजे प्रत्येक धंद्यात अशी काही कामं असतात जी करायला हवीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि जी उद्यावर ढकलली जातात. स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं न हललेला माल कोणता, त्यात किती पैसा अडकला आहे, याची यादी. गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर घेऊन कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टला, कोणत्या कारणाने किती जॉब गेले त्याची मांडणी. एक जॉब उतरवून दुसरा लावायला, म्हणजे सेटिंगला, प्रत्यक्ष किती वेळ जातो त्याचं घड्याळ लावून मोजमाप. ग्राहकांच्या तक्रारी ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर आणि सेल्सवाल्याच्या डोक्यात विखुरलेल्या असतात, त्या एका तक्त्यात आणणं. अशा कामाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि ते अर्धवट राहिलं तरी उत्पादन थांबत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तर ते भरलेलं असतं. रिजेक्शनचं कारण विचारायला तिला ऑपरेटरकडे, क्वालिटीवाल्याकडे आणि परचेसकडे जावं लागतं, आणि तिघं तीन वेगळी कारणं सांगतात. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते ऐकून बहुतेक मालक हसतात. मराठीत एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला कारखान्यात घ्या. मशीनपाशी लावलेल्या कामाच्या सूचना बघा: इंग्रजी, बारीक टायपात, लॅमिनेशन सुटलेलं, ऑडिटच्या आदल्या दिवशी पुसून ठेवलेलं. ज्याने वाचायच्या तो ऑपरेटर सोलापूर, बीड, बिहार नाहीतर ओडिशातून आलेला असतो. भाषेचा विद्यार्थी त्या ऑपरेटरशेजारी उभा राहून, तो प्रत्यक्ष काय करतो ते बघून, एका मशीनच्या सूचना छोट्या वाक्यांत मराठीत लिहू शकतो. सोबत फोटो, खाली कुणाकडून तरी करून घेतलेला हिंदी मजकूर. ऑपरेटर जो शब्द वापरतो तोच सूचनेत आला पाहिजे. 'धारक' लिहून चालणार नाही, तो 'चक'च म्हणतो. एका मशीनचं असं काम पंधरा दिवसांत नीट होतं. भाषेच्या मुलाला आपली भाषा कुठे कमी पडते हे कळतं आणि कारखान्याला भिंतीवर वाचण्याजोगं काहीतरी मिळतं. मराठीच्या विद्यार्थ्यांनी फक्त प्रकाशकाकडे आणि वर्तमानपत्रात जावं, असं कुणी ठरवलं?

घरून करण्याच्या ऑनलाइन इंटर्नशिपबद्दल एक छोटं प्रकरण पुस्तिकेत आहे. सॉफ्टवेअर, भाषांतर, हिशेब अशा थोड्या कामांत ते जमतं. बाकी ठिकाणी उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं होतं, एवढंच मी म्हणेन.

पैशांबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. अभ्यासक्रमातल्या इंटर्नशिपला पैसे द्यावेत की नाहीत यावर मालकांचं म्हणणं ठरलेलं: आम्हीच शिकवायचं आणि आम्हीच पैसे द्यायचे? वरवर बरोबर वाटतं. पण चाकणच्या कारखान्यात राजगुरुनगरहून येणाऱ्या मुलीचा विचार करा. एसटी, पुढे शेअर रिक्षा, दुपारचं जेवण. घरून पैसे मागायचे तर घरी ते असावे लागतात. शिवाय सुट्टीत ती एखाद्या दुकानात बसून चार पैसे मिळवत असेल, तेही बुडतात. बिनपैशाची इंटर्नशिप सगळ्यांना सारखी खुली दिसते आणि प्रत्यक्षात ती परवडणाऱ्यांनाच मिळते. यात मालकाचाही तोटा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. त्या योजनेत काम करून शिकणारी मुलं वेळेवर येतात, हातपाय हलवायला लाजत नाहीत, सांगितलेलं लक्षात ठेवतात. नेमकी हीच मुलं तुमच्या फाटकापाशी येत नाहीत, कारण येण्याचा खर्च त्यांना झेपत नाही. तेव्हा मोठं विद्यावेतन जमत नसेल तर प्रवासखर्च आणि कँटीनचं जेवण, इतकं तरी द्यावं, आणि ते मागण्याची वेळ मुलावर आणू नये. पहिल्या दिवशीच्या कागदावर ते लिहिलेलं असावं.

उलट दिशेचा प्रकारही सुरू झाला आहे. मुलांकडूनच 'ट्रेनिंग फी' घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था. त्यांच्याबद्दल पुस्तिकेत काही नाही, कारण त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही, बंदोबस्ताची आहे. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणं, अनामत घेणं, बाँड लिहून घेणं, हेही त्याच पंगतीतलं.

कायद्याच्या बाबतीत मालकांचा सगळ्यांत मोठा गोंधळ इंटर्न आणि अ‍ॅप्रेंटिस यांत होतो. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा वेगळा आहे. तिथे नोंदणीकृत करार असतो, किमान विद्यावेतन ठरलेलं असतं. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि मनुष्यबळ मोजताना कंत्राटी कामगारही धरले जातात. कॉलेजच्या पत्रावर पंधरा दिवस आलेली मुलगी त्या टक्क्यांत मोजता येत नाही. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही ती बसत नाही, कारण ती योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. त्याच वर्षी आलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना देशातल्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे, सुरुवातीच्या अटींनुसार वर्षभराची आहे, आणि तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्यांना जागा नाही. राज्याच्या योजनेत बारावीनंतर सहा हजार, पदवीनंतर दहा हजार सरकार देतं असं ऐकून 'मग याही मुलीचे सरकार देईल' असं समजणारे मालक मला भेटले आहेत. देणार नाही.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा 2013 चा कायदा मात्र तिला पूर्ण लागू होतो. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस आणि बिनपगारी काम करणारेही येतात. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, आणि समितीतल्या बाईंचं नाव व फोन नंबर त्या मुलीला पहिल्या दिवशी कळला पाहिजे. नोटीस बोर्डावर आहे, हे उत्तर पुरेसं नाही. बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर मुलींना बोलावूच नये, असं पुस्तिका म्हणते. मी म्हणेन, आधी ते बांधा. तुमच्या नोकरीवरच्या बायकांनी ते केव्हापासून मागितलेलं असेल, चौकशी करून बघा.

सुरक्षेचं प्रकरण लांबलचक आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेलं मूल कारखान्यात येतं तेव्हा कधी कधी अठरा पूर्ण झालेलं नसतं, हे एवढं अधोरेखित करतो. वय कागदावर तपासा. प्रेस, ग्राइंडर, भट्टी, फोर्कलिफ्ट यांना इंटर्नचा हात लागणार नाही, हे त्यालाच नव्हे तर तिथल्या ऑपरेटरलाही सांगून ठेवा, कारण "ये, करून बघ" हे तो प्रेमानेच म्हणतो. सेफ्टी शूज त्याच्या मापाचे हवेत. आणि अपघात विमा कॉलेजने काढला आहे की तुम्ही काढायचा, हे पत्राला उत्तर देतानाच ठरवा. अपघात झाल्यावर दोन्ही संस्था एकमेकींकडे बोट दाखवतात.

अहवालाचा प्रश्न नाजूक असतो. कॉलेजला जाडजूड अहवाल हवा असतो, आणि मालकाला भीती असते की त्यातलं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, भाव हे सगळं शेजारच्या गाळ्यात पोचेल. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून मुलाला काहीच न दाखवणं म्हणजे इंटर्नशिप न देणंच झालं. फोटो कुठे काढायचे, ग्राहकाच्या नावाऐवजी 'ग्राहक अ' लिहायचं, आकडे प्रत्यक्ष न देता प्रमाणात द्यायचे, अहवाल कॉलेजला जाण्याआधी एकदा वाचून घ्यायचा, इतकं ठरवलं की पुष्कळ मोकळेपणा येतो. वाचून घेण्याचा दुसरा फायदा असा की तो अहवाल निदान एक माणूस वाचतो.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर सगळीकडे 'उत्कृष्ट'वर टिक करणं ही आपली भूतदया आहे. त्या फॉर्मच्या मागे कोऱ्या जागेत तीन वाक्यं लिहा: काय केलं, काय चांगलं जमलं, काय जमलं नाही. आणि तिसरं वाक्य पंधराव्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. आठव्या दिवशी चहाला बसवून तोंडी सांगितलं तर उरलेल्या आठवड्यात ते सुधारतं.

"शिकवा आणि मग ती दुसरीकडे जातात", ही तक्रार प्रत्येक बैठकीत येते. जातात. पंधरा दिवसांत कुणी कुणाचं होत नाही, आणि इंटर्नशिप म्हणजे नोकरीचं वचन नाही हे तुम्हीही लिहून देणारच आहात. काही सल्लागार मालकांना सांगतात की यातून स्वस्तात भरती होते. पहिल्या एक-दोन वर्षांत तसं काही होत नाही. त्या काळात हा निव्वळ खर्च आहे, आणि तो मान्य करूनच सुरुवात करावी. हळूहळू एक फरक दिसतो तो सुपरवायझरमध्ये. रोज एक तास कुणाला तरी 'हे असं का' ते सांगावं लागल्याने त्यालाही ते स्वतःला विचारावं लागतं. रिजेक्शनचा तक्ता बघून एखादा म्हणतो, हे तर दर सोमवारच्या पहिल्या शिफ्टलाच होतंय.

संख्येबद्दल पुस्तिकेतला सल्ला कडक आहे आणि मला तो पटतो: पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. कॉलेज दहा मुलांची यादी पाठवील. नाही म्हणायला शिका. त्या बदल्यात एक अट घाला, की मार्गदर्शक प्राध्यापकाने पंधरा दिवसांत एकदा प्रत्यक्ष यावं, सुपरवायझरला भेटावं. जे कॉलेज ही अट मान्य करील त्याच्याशी पुढच्या वर्षीही व्यवहार ठेवा.

पुस्तिकेच्या शेवटी नमुन्याची पत्रं, पहिल्या दिवसाचा कागद, हजेरी आणि कामाच्या नोंदीची वही, तीन वाक्यांचा मूल्यमापन फॉर्म जोडला आहे. ते फाडून झेरॉक्स काढण्यासाठीच आहेत. शासकीय योजनांची विद्यावेतनं आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या भागातले आकडे वापरण्याआधी संबंधित पोर्टलवर किंवा जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात ताडून घ्यावेत. कॉलेजांची पत्रं बहुधा सत्र सुरू झाल्यावर, घाईत येतात, तेव्हा माणूस आणि काम ही पहिली दोन प्रकरणं त्याआधीच, शक्यतो सुपरवायझरबरोबर बसून वाचावीत.